मेदकच्या चर्चची एक दिवसाची बस टूर: चर्चला पाचपैकी पाच, टूरवाल्याला अडीच

आधी निकाल, मग भांडण. तेलंगणातल्या मेदकचं चर्च बघायला नक्की जा, पण सोलापूरहून निघणाऱ्या एक दिवसाच्या बसनं जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी टूरवाल्याला एकच विचारा, चर्चात किती वाजता नेणार? "देवीचं दर्शन, जेवणं झाली की आरामात" असं उत्तर आलं तर दुसरा बघा. तिथं जी बघायची मुख्य गोष्ट आहे, रंगीत काचांच्या खिडक्या, ती उन्हावर चालते, ऊन गेलं की खलास.

टूरवाल्याचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही आणि सोलापूरच्या पूर्व भागात सगळेच सगळ्यांना ओळखतात. माणशी १४०० रुपये, त्यात चहा नाश्ता आणि दुपारचं जेवण. बस नॉन एसी, सीटा बऱ्या, मागच्या रांगांत बसलात तर कंबर गेली म्हणून समजा. कन्ना चौकातनं पहाटे चारला निघणार म्हणून सांगितलेलं, हलली पाचला, कारण टूरवाल्याच्या जवळची एक फॅमिली यायची होती आणि ती येईस्तोवर बाकीचे सगळे थंडीत कान बांधून उभे. बसमध्ये निम्म्याच्या वर मंडळी तेलुगू बोलणारी, म्हणजे आपलीच पद्मशाली मंडळी, ज्यांचे आजे पणजे तेलंगणातनं मागावर काम करायला सोलापुरात आले, त्यांच्यासाठी हा प्रवास म्हणजे गावाकडं जाणंच, त्यामुळं उमरगा यायच्या आत कडक भाकरी आणि शेंगा चटणी सीटासीटांतनं फिरायला लागली आणि टूरच्या उप्पीटाला कुणी विचारलं नाही. उप्पीट गारच होतं म्हणा. नळदुर्गला चहा मात्र झकास मिळाला.

रस्ता हैदराबाद हायवेचा, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, मग संगारेड्डीहून आत, सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या वर जातं. खिडकी मिळाली तर झोपू नका, दगड बघत जा. आपल्याकडचा काळा कातळ, आपल्या भुईकोट किल्ल्याला जो आहे तोच, जहीराबाद सोडल्यावर हळूहळू संपतो आणि कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारख्या ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळा शेतात दिसायला लागतात. चर्च त्याच ग्रॅनाइटचं आहे. काळ्या दगडाच्या गावातनं गेलेल्या माणसाला तो फिकट रंगच आधी डोळ्यात भरतो.

हे गाईडनं सांगायला पाहिजे होतं. त्यानं काय सांगितलं, तर माईक हातात घेऊन, "वॅटिकननंतर जगात दोन नंबरचं चर्च!" अरे बाबा. वॅटिकन कॅथलिकांचं, हे चर्च बांधलं ब्रिटिश वेस्लियन मेथॉडिस्ट मिशननं, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांनी, आणि १९४७ पासून ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडं आहे, दोघांचा एकमेकांशी संबंध काय? आणि साईजचंच म्हणाल तर मेदकचं चर्च २०० फूट लांब, १०० फूट रुंद, रोमचं सेंट पीटर्स आतनंच सहाशे फुटांच्या वर, मधल्या अंतरात जगातली किती चर्चं बसतील मोजा. पण हे वाक्य तिकडं रिक्षावालाही सांगतो, हॉटेलवालाही सांगतो, त्यामुळं एकट्या गाईडला काय बोलायचं. खरं तर दोन नंबर वगैरे लावायची गरजच नाही, या चर्चची खरी गोष्ट त्याहून भारी आहे.

ती अशी. चार्ल्स वॉकर पोस्नेट नावाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेदकला आले. मुलूख निजामाचा. पुढं त्या भागात दुष्काळ पडलेला, लोक उपाशी, तेव्हा नुसतं धान्य वाटत बसण्यापेक्षा लोकांना काम द्यायचं आणि कामाच्या बदल्यात पोटाला द्यायचं असं ठरलं, आणि ते काम म्हणजे हे चर्च. १९१४ ला सुरुवात झाली, म्हणजे तिकडं पहिलं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, आणि २५ डिसेंबर १९२४ ला, नाताळच्या दिवशी, उद्घाटन. दहा वर्षं गावोगावची माणसं दगड काढत होती, घडवत होती, चढवत होती. आमच्या शेजारच्या सीटवर मंगळवेढ्याकडचे एक आजोबा होते, ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले, सुकडी खाल्लेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर मनोऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आमच्या वाट्याला पाझर तलाव आला, ह्यांच्या वाट्याला चर्च. काम तेच की." अख्ख्या टूरमध्ये गाईडपेक्षा उपयोगी वाक्य हेच.

बरं, दुष्काळी काम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कसंबसं उरकलेलं काम येतं, इथं तसलं काही नाही. दगडांचे सांधे बघा, जवळ जाऊन बोट फिरवून बघा, कडा इतक्या सरळ घडवल्यात की शंभर वर्षं ऊन पाऊस खाऊनही नखाला अडत नाही. मनोरा १७५ फूट. आत ५००० माणसं मावतात म्हणतात. फरशीच्या रंगीत टाइल्स ब्रिटनहून आणलेल्या, मला त्या ठीक वाटल्या, छान आहेत पण मी दगडावरच अडकलो होतो.

गॉथिक गॉथिक म्हणतात ते काय हे बसमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं आणि गाईड म्हणाला "इंग्रजांची स्टाइल". इंग्रजांची नाही ती मूळची, बाराव्या शतकात, ११४० च्या सुमाराला पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात ती पहिल्यांदा नीट दिसली. मुद्दा कमानीचा आहे. आपल्या जुन्या पुलांना असते तशी अर्धगोल कमान वरचं ओझं दोन्ही बाजूंना जोरात ढकलते, म्हणून भिंती जाडजूड लागतात आणि खिडक्या बारक्या ठेवाव्या लागतात. कमानीला वर टोक काढलं की ओझं जास्त करून खाली उतरतं, बाजूचा रेटा कमी होतो, जो उरतो त्याला बाहेरनं दगडाचे टेकू द्यायचे. मग भिंत मोकळी झाली आणि त्या जागी हीऽऽ उंच खिडकी बसवता येते. म्हणजे उंची, टोकदार कमानी, बाहेरचे टेकू हे सगळं शेवटी उजेड आत घ्यायला. पुढं ही स्टाइल मागं पडली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती परत उकरून काढली, तीच आपल्याकडं आली. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं. आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरून डोळे चोळत बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सोलापूरकरानं गॉथिक बघितलेलं आहे, फक्त वर मान करून नाही बघितलं. ते स्टेशन १८८८ चं. त्या हिशोबानं मेदकचं चर्च फार उशिराचं, तोवर जगात लोखंड आणि सिमेंटच्या बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या, आणि हे लोक मात्र छिन्नी हातोडा घेऊन दगडच घडवत बसले. मला विचाराल तर त्यातच त्याची मजा आहे, सिमेंटचं चर्च बांधलं असतं तर एवढ्या हातांना दहा वर्षं काम कुठनं मिळालं असतं.

आता काचा. तीन मोठ्या खिडक्या. येशूचा जन्म, क्रुसावरचं मरण, आणि वेदीच्या मागं स्वर्गारोहण. लंडनचे चित्रकार फ्रँक सॅलिस्बरी यांचं काम, राजे लोकांची चित्रं काढणारा माणूस. तिन्ही एकदम नाही आल्या, स्वर्गारोहणाची १९२७ ला, जन्माची १९४७ ला, क्रुसाची १९५८ ला. म्हणजे पहिल्या दोन बसल्या तेव्हा मेदक निजामाकडं, आणि तिसरी बसेपर्यंत १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई, होऊन हैदराबाद संस्थान संपून दहा वर्षं होत आलेली. इमारत तीच, राज्य बदललं. आपल्या शेजारच्या धाराशिव, नळदुर्गच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, तेही निजामाच्याच राज्यात होते.

लांबनं ती काच एक अख्खं चित्र वाटते. जवळ गेलं की कळतं, सगळे तुकडे आहेत. रंगीत काचेचे छोटे छोटे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवलेत, त्या काळ्या रेषा म्हणजे शिसं. निळा रंग वरनं लावलेला नसतो, काच वितळतानाच त्यात कोबाल्ट घालतात. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या मात्र काचेवर रंगवून परत भट्टीत भाजतात. पूर्व भागातल्या एक अक्का, आयुष्य चादरीच्या डिझाइनात गेलेलं, डोळे बारीक करून म्हणाल्या, "रंग जुळवणारा माणूस हुशार हाय बघ, लाल कुठं शेजारी शेजारी येऊ दिला नाही." मी परत बघितलं. खरंच, लालाच्या मध्ये कुठंतरी निळा नाहीतर पांढरा सोडलेला.

आणि इथंच टूरवाल्याचा राग येतो. दुपारी आधी एडुपायलाला नेलं, दुर्गाभवानीचं मंदिर, मांजरा नदी तिथं सात धारांत फुटते, आपल्या बीडच्या डोंगरातनं निघालेली मांजराच ती, जागा सुंदर, तक्रार नाही. पण रांगेत दीड तास, मग जेवायला एक तास, भात सांबार चांगलं होतं, पापड संपले होते, मग अर्ध्या बसची खरेदी, आणि चर्चात पोचलो तेव्हा डिसेंबरचं ऊन कलायला लागलेलं. एका बाजूच्या खिडकीतनं उजेड असा आत आला होता की बाकांवर लाल निळे डाग पडलेले, लहान पोरं हात पुढं करून तळवे रंगवून घेत होती. वीसेक मिनिटं. मग रंग उतरत गेले आणि बघता बघता त्याच काचा काळ्या पाटीसारख्या झाल्या. बाहेर अंधार आणि आत लाईट असेल तर आतनं काही म्हणजे काही दिसत नाही, ट्यूबलाईट लावून काच दिसत नसते, तिला मागनं उजेड लागतो. मागनं आलेली मंडळी, जी अजून गेटवर भेळ खात होती, आत येऊन म्हणतात, "काय बघालालाव बे, खिडक्याच हायत की." त्यांचं काय चुकलं? १४०० रुपये भरून त्यांना खिडक्याच दिसल्या.

टूरवाल्याला मी तिथंच सांगितलं की क्रम उलटा कर, सकाळी चर्च, दुपारी देवी. तो म्हणाला, "देवीच्या आधी चर्च कसं दाखवायचं, लोक बोलतात." लोक काय बोलणार, आख्खी बस तिथं मोबाईलनं फोटो काढत होती, अक्कांनी तर हात जोडले. आणि तसं असेल तर पहाटे वेळेवर निघा ना, एक तास पाहुण्यांसाठी घालवला तोच तास काचांना मिळाला असता. परत येताना रात्री संगारेड्डीच्या पुढं जेवायला थांबलो, ते पॅकेजमध्ये नव्हतं, हे आधी सांगितलेलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत अडीच वाजले.

जाणार असाल तर माझ्या मते असं करा. रविवार टाळा, प्रार्थना असते तेव्हा आत निवांत फिरता येत नाही आणि फिरूही नये. नाताळला तर बिलकुल नको, गर्दीत दगडही दिसणार नाही. चारपाच जण असाल तर गाडी करून जा, टूरच्या पैशात थोडेच वर जातील. एकटे असाल तर हुसेनसागर एक्सप्रेसनं हैदराबाद, तिथं मुक्काम, आणि सकाळी सिकंदराबादच्या जुबली बस स्टँडवरनं मेदकची एसटी, शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. दहाच्या सुमाराला चर्चात पोचा, एका बाजूच्या काचा बघा, बाहेर झाडाखाली डबा खा, आणि ऊन दुसरीकडं वळलं की परत आत जा. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. आणि टूरनंच जायचं असेल तर मागची सीट घेऊ नका.