कोल्हापुरात राजारामपुरीतला पश्चिमेकडं तोंड असलेला गाळा : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर लिहितोय

करार संपत आलाय आणि मालकांनी भाडंवाढीचा विषय काढलाय, म्हणून लिहून मोकळा होतो. धंदा मॅचिंग सेंटरचा, म्हणजे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, पिको. गाळा मेन रोडवर नाही, आतल्या गल्लीत.

महाद्वार रोडचं भाडं ऐकूनच परत फिरलो. साडीची दुकानं तिकडंच, गिऱ्हाईक आयतं, पण गाडी लावायची कुठं? व्हीनस कॉर्नरकडं स्वस्तात मिळत होतं. का स्वस्त ते 2019 आणि 2021 ला बघितलंय की सगळ्यांनी, पंचगंगा फुगली की जयंती नाला तुंबतो आणि पाणी दुकानात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 ला धोका, ते आकडे बघत तागे माळ्यावर कोण चढवणार? माझ्या गल्लीत पाण्याचा त्रास नाही. भाडं परवडतं, बायकांच्या स्कूटी दारात लागतात.

पण ऊन! तीन वाजले की थेट रॅकवर. टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाउजचं सुती कापड, त्याच्या थप्पीत घडीची कड उडते, आत राणी कलर आणि कडेला फिक्कट पट्टा, गिऱ्हाईक उलगडून बघतं आणि गप्प ठेवून देतं. असले पीस अर्ध्या किमतीत काढले, जीव तुटला. पडदा लावला तर लोकांना दुकान बंद वाटलं. ताडपत्री लावतो म्हटलं तर मालक म्हणे भिंतीला ड्रिल मारायचं नाही, आणि फुटपाथवर जास्त पुढं काढलं तर महापालिकेची गाडी येणार. एजंट जागा सकाळी अकराला दाखवतात, तुम्ही चारला जाऊन बघा.

लग्नसराईत मात्र मत जरा बदललं. ट्यूबखाली मोरपंखी आणि रामा एकच दिसतात, म्हणून बायका साडी घेऊन पायरीवर येतात, तिथं उजेडात शेड लगेच कळते. बदलून द्या म्हणत येणारे कमी झाले, दोन टेलरताई तर आता गिऱ्हाईक माझ्याकडंच धाडतात. तरी रुबियाचं नुकसान विसरणार नाही!

आणखी एक, मालक करार नोटरीवर भागवू म्हणत होते, मी ऐकलं नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा करार, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं रजिस्टरच करावं लागतं, आणि ती जबाबदारी मालकाची.

आता पुढचे 11 महिने इथंच काढतोय, पण ताडपत्रीला परवानगी दिली तरच वाढीव भाडं. तिचा खर्च भाड्यातून वळता करणार आहे, ते अजून मालकांना सांगितलेलं नाही.