गिटार पेडलांसाठीचा आठ आउटपुटचा ‘आयसोलेटेड’ पॉवर सप्लाय : सहा-सात महिने वापरल्यानंतर

डब्यावर ठळक अक्षरांत ‘आयसोलेटेड’ (म्हणजे प्रत्येक आउटपुट बाकीच्यांपासून विजेच्या दृष्टीने वेगळं) छापलंय आणि आत तसं काहीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दिव्यांचे फोटो बघून कुणी घाईत ऑर्डर टाकणार नाही. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो.

पहिले काही आठवडे तक्रार नव्हती. ओव्हरड्राइव्ह (सिग्नल वाढवून आवाज फाडणारं पेडल), कोरस, ट्यूनर, सगळं शांत. डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) जोडला आणि ओव्हरड्राइव्ह दाबला की मागे बारीक शिट्टी यायला लागली. गेन वाढवला की तीही वाढायची. घराच्या अर्थिंगवर खापर फोडण्याआधी डिलेत ९ व्होल्टची बॅटरी घालून पाहिली. शिट्टी बंद. म्हणजे गिटार, केबल, अँप, सगळं ठीक होतं.

मग सप्लाय सगळ्यातून सोडवला, फक्त डबा हातात. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोकांत जोड असेल तर बीप वाजतो) ठेवून एक प्रोब पहिल्या आउटपुटच्या मधल्या टोकाला लावला (पेडलांच्या पिनमध्ये मधलं टोक ऋण असतं), दुसरा पाचव्याच्या. लगेच बीप. कुठलीही जोडी घ्या, बीपच. खऱ्या आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटला ट्रान्सफॉर्मरचं वेगळं वाइंडिंग किंवा स्वतंत्र कन्व्हर्टर असतो, त्यामुळे दोन आउटपुटांत जोड सापडतच नाही. इथे सगळी ऋण टोकं एकाच पट्टीवर. डिलेच्या चिपचा करंट त्या सामाईक वाटेने परततो, वाटेत काही मिलिव्होल्टची भर पडते आणि ओव्हरड्राइव्ह तेवढंच मोठं करून ऐकवतो. साध्या डेझी चेनमध्येही (एकाच अॅडॉप्टरवरून अनेक पिना काढलेली वायर) हेच होतं, आणि ती याच्या पाव किमतीत मिळते.

कस्टमर केअरचं उत्तर असं की, एक आउटपुट शॉर्ट झालं तरी बाकीची चालू राहतात, म्हणून सप्लाय आयसोलेटेड! मीटरचा व्हिडिओ पाठवला, तर रिटर्नची मुदत संपल्याचं कळवलं. कष्टाचे पैसे घालून घेतलेल्या वस्तूबद्दल असं उत्तर मिळालं की संताप होतो, आणि तो अजून उतरलेला नाही.

पण शॉर्ट प्रोटेक्शनबद्दल मात्र माझं मत बदललं. पुण्यात कोथरूडला प्रॅक्टिसला एका मित्राने जर्मेनियम फझ (जुन्या धाटणीचं, आवाज खरखरीत करणारं पेडल) आणला. पीएनपी ट्रान्झिस्टरवाला, म्हणजे त्याचं ग्राउंड धन टोकाला, बाकी सगळ्या पेडलांचं ऋण टोकाला. सप्लाय सामाईक असेल तर पॅच केबल (दोन पेडलांना जोडणारी छोटी केबल) जोडताक्षणी सरळ शॉर्ट. त्याने न विचारता मोकळ्या आउटपुटला पिन लावली. त्या आउटपुटचा दिवा विझला, बाकीचे सात चालू, आणि पिन काढताच तोही पुन्हा लागला. काहीही जळलं नाही. इतकं चांगलं काम केलंय, तर डब्यावर खरं तेवढंच छापायला काय हरकत होती?

शिट्टीवर उपाय बुधवार पेठेत मिळाला. तापकीर गल्लीत बी०९०९एस-१डब्ल्यू नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं : ९ व्होल्ट आत, ९ व्होल्ट बाहेर, मध्ये आयसोलेशन. १ वॉटचं, म्हणजे साधारण ११० मिलिअँपिअर. माझ्या डिलेखाली ६५ लिहिलंय, त्यामुळे भागतं. दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आउटपुटला एक इंडक्टर, आणि प्लास्टिकची डबी. प्लास्टिकचीच घ्या : धातूच्या डबीत धातूचे सॉकेट बसवले तर दोन्हींची बाहेरची टोकं डबीतूनच जोडली जातात आणि सगळी मेहनत वाया. आता डिले चालू असतानाही पूर्ण गेनवर शिट्टी नाही. खर्च दोनशेच्या आत.

आणखी एक गोष्ट, जिचा त्रास शिट्टीहून जास्त झाला. सोबतच्या केबलींच्या पिना सरळ आहेत, एल आकाराच्या नाहीत. पेडलमागे ताठ उभ्या राहतात, पाय लागला की सॉकेटवर तरफेसारखा जोर येतो. ओव्हरड्राइव्हचं सॉकेट थेट बोर्डावर सोल्डरचा डाग दिलेलं; त्याचा डाग तडकला आणि आवाज तुटक यायला लागला. एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलायला सांगून अडीच हजार मागितले. भिंगातून पाहिलं तर डागाभोवती केसाएवढी गोल भेग. बोर्डावरचं सॉकेट काढून नटाने कसायचं सॉकेट बसवलं, वायरी सैल ठेवल्या, बॅटरीची लाल वायर स्विचच्या टॅगला दिली. हात घातलाच होता, म्हणून धन वायरीत १एन५८१७ डायोडही टाकला. उलटी पिन लागली तर पेडल वाचतं, आणि यात सुमारे ०.३ व्होल्टच जातात. साध्या १एन४००१ डायोडमध्ये ०.७ गेले असते.

सगळी पेडल अॅनलॉग आणि ऋण ग्राउंडवाली असतील तर हा डबा चालेल, फक्त एल पिनांच्या केबली वेगळ्या घ्या. एकही डिजिटल असेल तर दुकानात मीटर घेऊन जा. ऑनलाइन मागवला असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत बीप तपासा.