एम्प्रेस मिलच्या साहेबाचा टी-सेट

नागपुरात जुन्या किटल्या, कप-बशा, टी-सेट जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. सध्या एक माणूस व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ‘सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातला विलायती टी-सेट’ विकून राह्यला आहे. मला त्यानं तो 18,500 रुपयांना विकला. सेट अलीकडचा आहे, आणि तो जुना दिसावा म्हणून त्यावर मेहनत घेतलेली आहे.

गोष्ट मात्र फर्मास रचली आहे. एम्प्रेस मिलमध्ये कोणी इंग्रज साहेब होता, मिल सुरू झाली त्या सुमारास त्यानं विलायतेहून सेट मागवला, परत जाताना खानसाम्याला देऊन गेला आणि हे महाशय त्या खानसाम्याचे पणतू. टाटांची ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, त्यामुळे ‘दीडशे वर्षं जुना’ हे त्याला म्हणावंही लागत नाही. आपणच हिशोब करतो.

मी बुडाचा फोटो मागवला. त्यात चौकट-राजासारखा हिऱ्याच्या आकाराचा छाप स्पष्ट दिसत होता. ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर हा छाप 1842 ते 1883 या काळात मारत, 1884 पासून त्याच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक आला. म्हणजे गोष्ट जुळत होती. फसल्यावर नीट पाहिलं, तर फोटोत फक्त बूड होतं, कपाची कड किंवा नक्षी कुठेच नव्हती. तो फोटो दुसऱ्याच कोणत्या तरी भांड्याचा होता.

‘रायपूरचं गिऱ्हाईक उद्या येऊन राह्यलं, भाऊ,’ म्हणून आधी बयाणा घेतला. घरी बोलावलं नाही. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, बर्डीला मेट्रो स्टेशनखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका हातात दिला, उरलेले पैसे यूपीआयवर घेतले. एक कप उघडून पाहतो म्हटलं तर, ‘इथं गर्दीत फुटला तर कोण भरून देईल?’

घरी उघडल्यावर बुडाशी हिरा नाही. ‘बोन चायना, मेड इन इंग्लंड’ असा छाप, आणि त्याखालची ओळ घासून काढलेली. तिथे बोट फिरवलं की खरखर लागते, बाकी बूड काचेसारखं गुळगुळीत. भिंगातून तिरप्या उजेडात पाहिलं तर ‘डिशवॉशर’ची अर्धी अक्षरं शिल्लक होती! अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे 1891 पासून विलायती भांड्यांवर देशाचं नाव सर्रास येऊ लागलं, आणि ‘मेड इन’ हे शब्द बहुतेक विसाव्या शतकातले. 1877 च्या साहेबाकडे हा छाप असणं शक्यच नाही.

डागांची गंमत तर वेगळीच. किटलीच्या बुडाला, दांड्याच्या सांध्यात, बशांच्या मागच्या बाजूला तपकिरी थर. पण किटलीच्या तोटीत आणि झाकणाच्या आतल्या कडेला काहीच नाही, पांढरंशुभ्र. अरे बाप्पा, चहा आतून ओततात की बाहेरून? रोजच्या वापरातली किटली आधी तोटीत काळवंडते. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून बशा भिजवल्या, तर तासाभरात दीडशे वर्षं पाण्यात उतरली.

सोबत ‘दार्जिलिंग फर्स्ट फ्लश’चा डबा फुकट होता. आत गोल दाण्यांची सीटीसी, टपरीवर उकळतात ती. फर्स्ट फ्लश म्हणजे वसंतातली पहिली खुडणी. तिची पानं लांबट, हिरवट झाक असलेली आणि रंग फिका सोनेरी. दार्जिलिंग चहाला 2004 मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ते नाव कोणत्याही डब्यावर छापायला लोकांना काही वाटत नाही.

कोणी असा सेट दाखवला तर कपाच्या कडेपासून बुडापर्यंत न थांबता काढलेला व्हिडिओ मागा. सुटा फोटो धरूच नका. आणि सरळ विचारा, परवाना आहे का? शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला 1972 च्या कायद्यानं परवाना लागतो. ‘घरचीच वस्तू आहे’ म्हणाला तर आधी असे किती सेट विकले, ते ग्रुपवर विचारा. मी विचारलं तेव्हा आणखी दोघं निघाले, दोघांनाही तोच खानसामा भेटला होता.

पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरत जाते. मी यूपीआयची पावती, चॅट आणि घासलेल्या छापाचे फोटो जोडून तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. तो नंबर बंद आहे, पण त्याच नक्षीचा सेट परवा दुसऱ्या नंबरवरून आला. आता साहेब रेल्वेतला आहे आणि बंगला कामठीचा.