डी-२८, ८१४सीई की जे-४५? गोव्यात राहून महागडी गिटार निवडताना

गाताना साथीला गिटार हवी असेल तर गिब्सन जे-४५ घ्या. कार्यक्रमांत वाजवायची असेल तर टेलर ८१४सीई. घरच्या बैठकीत माइक नसताना चार-पाच गळ्यांतूनही ऐकू यायला हवी असेल तर मार्टिन डी-२८. पणजीतल्या एका दुकानात तिन्ही आलटून पालटून वाजवल्यावर माझं हे मत झालं. पैसे लाखांत मोजायचे आहेत, म्हणून कारणंही सविस्तर सांगतो.

दुकानात पहिल्या झटक्यात मन जिंकते ती डी-२८. हे मॉडेल १९३१ पासूनचं. पुढची पाटी सिटका स्प्रूसची, पाठ आणि कडा शिसवीच्या. १९६९ पर्यंत ही शिसवी ब्राझीलची असायची, नंतर भारतीय आली. आपल्या सह्याद्रीत वाढते तीच जात. ‘जी’ कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) एकदा सणसणीत वाजवली की खर्ज छातीला जाणवतो आणि नाद बराच वेळ रेंगाळतो. मात्र हाच रेंगाळणारा नाद गायकाची जागा व्यापतो. मांडो या कोकणी गीतप्रकाराच्या साथीला बसलात तर घुमट या मातीच्या तालवाद्याचा घुमार आणि डी-२८चा खर्ज एकमेकांवर येतात, मग उजवा हात सतत आवरून धरावा लागतो. जोरकस स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) किंवा पिकने (तारा छेडायच्या चकतीने) वाजवायच्या धून हा तुमचा प्रांत असेल तर मात्र तिला तोड नाही.

८१४सीईची गंमत अशी, की लाकडं तीच आहेत: सिटका स्प्रूस आणि भारतीय शिसवी. तरी आवाज निराळा. लाकडाचं नाव ऐकून गिटार ठरवणाऱ्यांनी या दोघी एकापाठोपाठ वाजवून बघाव्यातच. फरक पडतो तो अंगाच्या आकाराने आणि पुढच्या पाटीखालच्या पट्ट्यांच्या रचनेने. मार्टिनमध्ये त्या एकमेकींना छेदतात. टेलरने २०१८ मध्ये व्ही आकाराची रचना आणली. त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि वरच्या फ्रेटवरही (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर जुळलेले राहतात. कंबर बारीक असल्याने मांडी घालून बसलं तरी गिटार नीट बसते, खांदा उचलावा लागत नाही. बोटांनी वाजवणाऱ्याला ही आवडेलच. जोरात झोडपलीत तर खर्ज डी-२८पुढे उणा वाटतो, हे मात्र खरं.

जे-४५ दुकानात सर्वांत साधी वाटते आणि बरेच जण दोन कॉर्ड वाजवून ती परत ठेवतात. असं करू नका. १९४२ पासूनच्या या गिटारीचे खांदे उतरते आहेत, पाठ आणि कडा महोगनीच्या. तारेची लांबी २४.७५ इंच, डी-२८ची २५.४, टेलरची २५.५. लांबी कमी म्हणून ताण कमी, तारा बोटाखाली मऊ लागतात. नाद कोरडा आणि आखूड: स्वर उमटतो आणि बाजूला होतो. भावगीत म्हणून बघा, शब्द मोकळे राहतात. मी गातो, म्हणून माझी निवड हीच. नुसत्या गिटारीवर संथ रचना वाजवणाऱ्याला मात्र हा स्वर लवकर विझल्यासारखा वाटेल. आणि पसंत पडलेला तोच नग घ्या, पेटीबंद दुसरा नको. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक ऐकू येतो.

आता हवेचं बघू. गोव्यात निर्णय इथेच फिरू शकतो. अशा अस्सल लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. पुढची पाटी फुगते, तारा जिथे अडकवलेल्या असतात तो ब्रिज वर येतो, तारा उंचावतात. दुकानातल्या एसीत लोण्यासारखी वाजलेली गिटार श्रावणात घरी बोटांना जड जाते. टेलरची मान बोल्टने बसवलेली असते. कारागीर ती सोडवून, पातळ पाचर बदलून कोन थोड्या वेळात दुरुस्त करतो. मार्टिन आणि गिब्सन यांची मान खाचेत डिंकाने जोडलेली. कोन बदलायचा तर वाफेने सांधा सोडवावा लागतो. ते मोठं, खर्चिक आणि जाणकाराचंच काम. गिटार केसबाहेर भिंतीवर टांगून ठेवायची सवय असेल तर टेलरच्या बाजूने एक गुण वाढवा.

बाकी दोघींपैकी एक घेतलीत तर केसमध्ये आर्द्रतामापक आणि दोन्ही बाजूंनी ओलावा सांभाळणाऱ्या पुड्या ठेवा. आणि ऑगस्टमध्ये तारा उंच वाटल्या म्हणून सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) घासून घेऊ नका. डिसेंबरात पाटी बसली की त्याच तारा फ्रेटवर करकरतील. पावसाळ्यासाठी थोडं बुटकं, वेगळं सॅडल करून घेतलेलं बरं. खाऱ्या हवेत साध्या तारा लवकर गंजतात, त्यामुळे तिन्हींना लेप दिलेल्या ताराच लावा.

वाजवून बघताना तिन्हींच्या तारा सारख्याच ताज्या आहेत का, ते आधी पाहा. जुन्या तारांची जे-४५ नव्या तारांच्या डी-२८शेजारी मेलेलीच वाटणार. सोबत वाजवणारं कुणी असेल तर त्याच्या हाती गिटार देऊन समोर बसून ऐका, कारण आवाज पुढे जातो आणि वाजवणाऱ्याला त्यातला थोडाच कळतो. तुमच्या नेहमीच्या पट्टीत एक कडवं गाऊन बघा, दुकानात माणसं असली तरी. किमती ताडताना हेही धरा, की ८१४सीई पिकअपसह (गिटारीचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा भाग) येते आणि साध्या डी-२८ला तो वेगळा बसवून घ्यावा लागतो. त्यासाठी तळाशी भोक मोठं करावं लागतं, तेव्हा हे काम कोण करणार ते पैसे देण्याआधीच विचारून घ्या.