तंतुकणिकेचं मॉडेल: घडी की अरुंद मान?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) मांडायची ठरली, की प्रश्न येतो तिच्या दोन आवरणांपैकी आतल्या आवरणाचा: ते नुसतं घड्यांचं करायचं, की अरुंद मानांचं? यवतमाळकडच्या आमच्या कॉलेजात मी दोन्ही प्रकार मुलांकडून करून घेतले, म्हणून सांगतो.

घड्यांचं चित्र पाठ्यपुस्तकातलं. १९५२ च्या सुमारास जॉर्ज पॅलेड यांनी पेशीच्या पातळ कापांवरून ते मांडलं, घड्यांना क्रिस्टी (एक असेल तर क्रिस्टा) हे नावही त्यांचंच. आवरण आत वळतं, घडीचं तोंड दोन आवरणांमधल्या फटीकडे सबंध मोकळं. काळ्या मातीत तासाभरात जमतं आणि परीक्षकांना लांबूनच ओळखू येतं. हाताशी एकच दिवस असेल तर हे करायला हरकत नाही.

पण पहिल्याच वर्षी अकरावीतल्या एका मुलीनं त्या मोकळ्या तोंडात बोट घातलं. म्हणाली, "सर, घडीतली जागा अन् भायेरची फट एकच झाली नं? मंग आतलं आतच काहून राह्यते?" मी म्हटलं, घडीनं पृष्ठफळ वाढतं. ते खरंच आहे, पण तिनं विचारलं होतं वेगळंच. आणि मातीच्या त्या मॉडेलमध्ये दाखवायला उत्तर नव्हतंच. ते मला फार लागलं.

पुढल्या वर्षी माना केल्या. १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉन टोमोग्राफीनं, म्हणजे नमुना तिरपा करत अनेक कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जुळवून, दिसलं की चपटी क्रिस्टा आतल्या आवरणाच्या कडेच्या भागाला चिंचोळ्या नळ्यांनी, म्हणजे मानांनी, जोडलेली असते. मान साधारण २०-३० नॅनोमीटर रुंद, एका क्रिस्टेला अशा कितीतरी. मायकॉस नावाचा प्रथिनसमूह त्या माना राखतो. त्यामुळे आतलं सायटोक्रोम सी, म्हणजे ऊर्जा तयार करताना लागणारं एक प्रथिन, बरंचसं आत अडून राहतं. पेशी मरणाला लागली की माना रुंदावतात, असं काही प्रयोगांत दिसलं आहे.

मातीत मात्र माना टिकत नाहीत, वाळताना तडकतात. आम्ही जुन्या सायकल ट्यूबचे चपटे तुकडे घेतले, एक टोक बंद केलं, दुसऱ्याला वॉल ट्यूब जोडली. मुलं ती मान चिमटीत दाबून बघायची, आणि त्या वर्षी वह्यांमधल्या आकृत्यांत मान आपसूक आली. माझ्यापुरता तरी निकाल तिथेच लागला.

आकाराचं म्हणाल, तर हृदयाच्या स्नायूत क्रिस्टी चपट्या, अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) बाहेरच्या थरात बहुतेक नळीसारख्या. शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली गावतळ्यातलं पॅरामेशियम हा एकपेशी जीव ठेवणार असाल, तर नळ्याच करा, त्याच्यातही तशाच असतात. पंक्चरचं सोल्युशन मात्र रात्रभर वाळू द्या, नाहीतर टेबलावर मांडतानाच माना निघून येतात.