सोलरवाला डीसी लाइनला साधा एसी एमसीबी लावून गेला, माझे १,०९,४०० गेले

राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे जसं आठवेल तसं लिहितोय. सांगलीजवळ माझं टर्निंग-वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक कॉम्प्रेसर, मी आणि दोन पोरं. लाइटबिल झेपेना म्हणून जानेवारीत १० किलोवॅटचं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर बसवलं, ५४० वॅटची १८ पॅनेल, थ्री फेज इन्व्हर्टर, एकूण ४,८५,०००. दुसऱ्या पार्टीचं कोटेशन ५,६०,००० होतं. स्वस्ताच्या मागे लागलास असं आता घरचेही ऐकवतात, पण दोन्ही कोटेशनमध्ये पॅनेल तीच, इन्व्हर्टर तोच, मग फरक डब्यात आणि वायरीत आहे हे मला कसं कळणार?

आणि खरं सांगतो, कळायला हवं होतं. डीसीचा डबा (पॅनेलची डीसी वीज यातून इन्व्हर्टरला जाते) लावताना मी शिडी धरून तिथंच उभा होतो. नऊ पॅनेलच्या स्ट्रिंगला (एकामागे एक जोडलेल्या ओळीला) सोलरवाल्याच्या पोराने मीटर लावला, ४२८ व्होल्ट. हातातल्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) छापलेलं २४०/४१५ आणि पुढे नागमोडी रेघ, म्हणजे एसी. मी वाचलं, विचारलंसुद्धा, तर म्हणाला "काका, एमसीबी तो एमसीबीच, तुमच्या मेन बोर्डात आहे तोच." आणि मी गप्प बसलो. तिथंच काम थांबवायला हवं होतं, रोज रात्री तेच आठवतं. बिलात मात्र "डीसी एमसीबी २ नग, ४,३००" असं लिहिलंय, बसवलेला दुकानात ३५० ला मिळतो.

एप्रिलमध्ये दुपारी एकला पॅनेल धुवायची म्हणून मी तो एमसीबी खाली पाडून बंद केला. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच पेटती राहते. डबा पेटला. मेन पाडलं तरी जळतंय, कारण ऊन आहे तोवर पॅनेल करंट देतच राहणार! माझ्याकडच्या पोराने पत्र्यावर चढून पॅनेलवर ताडपत्री टाकली तेव्हा थांबलं. आधी इन्व्हर्टर बंद करून मगच डीसी पाडायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरा डीसी एमसीबी असता तर त्याने करंट चालू असतानासुद्धा लाइन नीट तोडली असती.

इन्व्हर्टर ७८,०००, मेन बोर्ड, डबे आणि केबल ३१,४००, वर ११ दिवस काम बंद. वॉरंटी नाकारली, इन्स्टॉलेशन चुकीचं म्हणे. ओळखीच्या वायरमनने केबल कापून दाखवली, वर तांब्याचा मुलामा, आत अॅल्युमिनियम, इन्सुलेशन साधं पीव्हीसी, तीन महिन्यांच्या उन्हात तडकलेलं. एसीकडे ४ स्क्वेअर एमएमच्या वायरवर ६३ अँपियरचा ब्रेकर, अहो १० किलोवॅटला फेजला १४ अँपियर लागतात, ब्रेकर वायर वाचवायला असतो, इथं वायर जळून गेली असती तरी तो पडला नसता. केबल घेताना तुकडा कापून बघाच.

आता दाद मागायला गेलो तर पोलीस म्हणाले दिवाणी मॅटर आहे. वीज ऑफिसात "मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा", अरे मग मीटर बदलायला आलात तेव्हा डबा समोरच होता ना! विद्युत निरीक्षकांकडे तीन हेलपाटे, पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा अर्जाचा नमुना चुकला, तिसऱ्यांदा विचारलं "माणूस दगावला का?" माणूस मेल्यावरच बघणार का? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगितलं वर्कशॉप व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धवट आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर २०१९ च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच, दोन वर्षांत तक्रार करायची आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हे मला शेवटी वकिलाने सांगितलं.

सोलरवाल्याच्या कार्डावर लायसन नंबर होता, निघाला भलत्याच्याच नावाचा. नंबर कोणाच्या नावावर आहे ते आधी तपासा. डीसी एमसीबीवर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असते, व्होल्ट तुमच्या स्ट्रिंगपेक्षा जास्त हवेत, प्लस-मायनस छापलं असेल तर उलटं जोडू देऊ नका. शेवटचे ५०,००० तपासणी होईपर्यंत देऊ नका, मी सगळे देऊन बसलो.

जळालेला डबा मी टाकलेला नाही, पुढच्या महिन्यात आयोगात तारीख आहे, तो घेऊनच जाणार.