वेल्समधल्या अॅबरिस्टविथचा कम्युनिटी हॉल : आठ महिन्यांनंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये गणपतीसाठी हा हॉल पहिल्यांदा घेतला. तेव्हापासून पोरांचा मराठी वर्ग दर शनिवारी इथेच भरतो. बर्मिंगहॅमच्या मंडळात जायचं तर ट्रेनने तीन तास, म्हणून आम्ही सहा घरांनी मिळून हे मांडलं.

भाडं तासाला १२ पौंड. पण दोन तास म्हणजे दोनच तास. खुर्च्या लावणं, केर काढणं, सगळं त्यातच. पहिले काही शनिवार बारा वाजले तरी आमची बाराखडी संपत नव्हती आणि दाराशी योगावाल्या बायका चटया घेऊन ताटकळत. आता पावणेबाराला झाडू हातात.

हीटरला मीटर आहे, त्यात पौंडाचं नाणं टाकायचं. एका नाण्यात जेमतेम अर्धा तास, आणि छत उंच, म्हणजे ऊब वर आणि पोरांची नाकं लाल. हल्ली कोणाच्या खिशात नाणी असतात? मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जमवून ठेवते. चहाचं स्टीलचं पिंप उकळायला चाळीस मिनिटं घेतं, तेव्हा आल्या आल्या आधी ते लावा.

गणपतीला आरतीचा कापूर पेटवला आणि धुराचा गजर बोंबलायला लागला. हॉलच्या समितीतले एक आजोबा धावत आले, न बोलता खिडक्या उघडल्या, मग प्रसादाला थांबले आणि दुसरा मोदक मागून घेतला. तेव्हापासून आमची निरांजनं बॅटरीवरची.

कचऱ्याचं मात्र शिकावं लागतं. एप्रिल २०२४ पासून वेल्समध्ये अशा ठिकाणीही काच, कागद, प्लास्टिक-डबे, उष्टं वेगवेगळं टाकायचा कायदा आहे. कचऱ्याच्या डब्यांवर आधी वेल्श भाषा. ते माझी लेक वाचून देते. 'ळ' म्हणताना अडखळते, पण वेल्शमधला तो जिभेच्या कडेने वारा सोडायचा 'ल' तिला सहज जमतो!

७ डिसेंबरला डॅरा वादळाचा रेड अलर्ट होता. आदल्या रात्री हॉलच्या चिटणीसबाईंचा स्वतःहून फोन : येऊ नका, पैसे परत देते. पुढच्या शनिवारी गेलो तर समुद्राकडच्या काचा मिठाने पांढऱ्याफटक. त्यांनी आमच्याही हातात फडकी दिली.

तक्रार एकच, पण मोठी. बुकिंग कागदी डायरीत, ईमेलला उत्तर चार-पाच दिवसांनी. सगळे स्वयंसेवक, मान्य. तरी १ मार्चला सेंट डेव्हिड्स डेचं, म्हणजे वेल्सच्या संताच्या दिवसाचं, जेवण आहे हे आम्हाला चार दिवस आधी कळावं? वर्ग बुडाला, मी चिडले. तर बाई म्हणाल्या, पोरांना घेऊन जेवायलाच या. लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि मटणाचं काउल, म्हणजे वेल्श रस्सा, उकळत होतं, शेजारी माझ्यासाठी बिनमटणाचं छोटं पातेलं.

यंदाच्या गणपतीचं बुकिंग झालंय. डायरीत लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. समितीत एक जागा रिकामी आहे म्हणे. चिटणीसबाई दर शनिवारी विचारतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.